बारा जणांची फौज: कमी खर्चातला मध्ययुगीन फँटसी चित्रपट खोटा का वाटतो?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. एका छोट्या चमूने मध्ययुगीन धर्तीचा फँटसी साहसपट तुटपुंज्या पैशांत पुरा केलाय. शापित तलवार, जुलमी राजा, राज्य वाचवायला निघालेला तरुण, वाटेत तीन-चार अक्राळविक्राळ प्राणी, शेवटी लढाई आणि ड्रॅगन. रफ कट, म्हणजे पहिली कच्ची जुळणी, ११८ मिनिटांचा आहे. ज्यांना दाखवला त्यांचा शेरा एकच: 'खोटं वाटतंय.' पैसा कमी पडला म्हणूनच असं होतं का? आणि पॅच शूटचे, म्हणजे उरलेसुरले शॉट नंतर घेण्याचे, दोन दिवस परवडणार असतील तर ते कशावर घालवावेत?

मी संकलनाचं काम करतो. या जातीचे चित्रपट टेबलावर आले की दुखणं कुठे आहे ते फूटेज चाळतानाच कळायला लागतं, आणि बहुतेक दुखणी पैशाची नसतात. पैशाची चणचण पडद्यावर दिसते ती अशी: एकच खोली, मोजकी माणसं, मोजके शॉट. प्रेक्षक ती मुकाट्याने पचवतो. त्याला खटकतं ते पटकथेने दिलेलं आणि कॅमेऱ्याने न पाळलेलं वचन. पात्र म्हणतं, 'उत्तरेकडून हजारोंची फौज येतेय', आणि पुढच्याच शॉटमध्ये टेकडीवरून बारा जण धावत उतरतात. बारा जणांत खरं तर एक बरा प्रसंग होऊ शकला असता. पण 'हजारो' लिहायला काहीच खर्च येत नाही, म्हणून ते बिनदिक्कत लिहिलं जातं आणि त्याचं बिल चित्रीकरणाच्या दिवशी येतं.

गंमत म्हणजे ज्या मध्ययुगीन कथांच्या जिवावर हा सगळा प्रकार उभा आहे, त्यातल्या काही याहून कितीतरी काटकसरी आहेत. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये रचलेलं 'सर गवेन अँड द ग्रीन नाइट' हे काव्य घ्या. अडीच हजारांहून जरा जास्त ओळी. एक दरबार, एक प्रवास, एक गढी आणि शेवटी ओढ्याकाठचा एक पोकळ उंचवटा. अद्भुत घटना मुळात एकच: हिरवा माणूस भर दरबारात गवेन या सरदाराला स्वतःचं मुंडकं उडवू देतो, ते उचलतो, वर्षभराने परतफेडीला ये म्हणतो आणि निघून जातो. पुढच्या प्रवासात गवेनला सर्प, लांडगे, रानमाणसं, अस्वलं, राक्षस असे सगळे भेटतात. कवी त्यांना मोजक्या ओळींत उरकतो आणि वर सांगतो की याचा दहावा हिस्सा सांगायचा म्हटलं तरी जड जाईल. तुमचे वाटेतले प्राणी कापायचे की नाही याचा निर्णय सहाशे वर्षांपूर्वीच कुणीतरी घेऊन ठेवलाय. एक ठेवा, तोही कथेला लागत असेल तर.

पडद्यावरचं उदाहरण हवं असेल तर स्वीडिश दिग्दर्शक इंगमार बर्गमन यांचा १९५७ चा 'द सेव्हन्थ सील' पाहा. सुमारे ३५ दिवसांत, बराचसा स्टुडिओत आणि त्याच्या आवारात उरकलेला. प्लेगने पोखरलेला अख्खा देश त्यात आहे, पण दिसतात ती काही घरं, एक खाणावळ, स्वतःला फटके मारत जाणाऱ्यांची एक मिरवणूक. शेवटी टेकडीच्या कडेवरून मृत्यूमागे हात धरून नाचत जाणाऱ्यांची ओळ आहे ना, ती तर ऐनवेळी सुचलेली. आकाशात ढग जमले, नट बहुतेक निघून गेले होते, तेव्हा हाताशी असलेल्या तंत्रज्ञांना आणि तिथे आलेल्या काही पर्यटकांना कपडे चढवून उभं केलं. आकृत्या काळ्या, लांबवर, चेहरे ओळखू न येणाऱ्या. आज त्या चित्रपटाचं नाव काढलं की लोकांना तीच ओळ आठवते.

दुसरं टोक म्हणजे १९७५ चा 'माँटी पायथन अँड द होली ग्रेल'. घोडे परवडणारे नव्हते, म्हणून राजा नुसताच उड्या मारत येतो आणि मागून त्याचा सेवक नारळाच्या करवंट्या आपटत टापांचा आवाज काढतो. किल्ल्यांच्या परवानग्या ऐनवेळी फिरल्या, तेव्हा स्कॉटलंडमधला डून किल्ला वेगवेगळ्या बाजूंनी चित्रित करून अनेक किल्ले म्हणून खपवला. साखळीचं चिलखत म्हणजे विणलेली लोकर, वर रुपेरी रंग. विनोदी चित्रपट होता म्हणून चाललं, असं म्हणता येईल. पण त्यांनी आपलं फाटकेपण सुरुवातीलाच प्रेक्षकांसमोर ठेवलं आणि त्यानंतर घोड्यांची कुणाला आठवणही झाली नाही. गंभीर चित्रपटालाही असा करार पहिल्या दहा मिनिटांत करता येतो. फक्त तो विनोदाऐवजी मांडणीतून करायचा: कॅमेरा सतत एका माणसाच्या खांद्याजवळ राहील, लढाई त्याला जेवढी दिसते तेवढीच आम्हाला दिसेल, असा.

तुमच्या त्या बारा जणांकडे येऊ. फूटेजमध्ये लढाई रुंद लेन्सवर आणि ड्रोनवर घेतली असणार. जवळजवळ सगळेच घेतात. ड्रोन स्वस्त झाल्यापासून या प्रकाराचं जेवढं नुकसान झालंय तेवढं खराब अभिनयानेही झालं नसेल. वरून पाहिलं की माणसं मोजता येतात. २४ मिमीच्या लेन्समध्ये बारा जण म्हणजे मैदानात पांगलेली सहल. तेच बारा १३५ किंवा २०० मिमीवर, म्हणजे लांबचं जवळ ओढणाऱ्या लेन्सवर, एकमेकांवर चढलेले दिसतात, मागे अजून किती आहेत याचा अंदाज लागत नाही. चौकटीच्या चारही कडा माणसांनी कापलेल्या हव्यात. कडेला मोकळं गवत दिसलं की फौज तिथे संपली. पुढे भाल्यांची टोकं, मध्ये पाठी, मागे धूर, आणि चौकटीबाहेरून येणारा आवाज. फौजेतले तीनचतुर्थांश लोक आवाजानेच बनतात.

आणि शिरस्त्राणं घाला! नायकाचा चेहरा दिसावा म्हणून तो डोकं उघडं ठेवून लढतो हे मोठ्या खर्चाच्या चित्रपटांतही चालतं, ते एक वेळ समजू शकतो. पण त्याच्या नादात सगळीच फौज बोडकी होते, आणि मग तोच लाल दाढीवाला ज्युनिअर आर्टिस्ट चौथ्यांदा मरताना प्रेक्षक त्याला ओळखतो. चेहरा झाकणारी दहा शिरस्त्राणं असली की तीच दहा माणसं दोन्ही बाजूंनी लढू शकतात, फक्त अंगरख्याचा रंग बदलायचा. तुमचं चित्रीकरण झालंय, त्यामुळे हे आता पॅचपुरतंच जमेल. पण 'हजारो' हा शब्द मात्र डबिंगमध्ये आजच बदलता येतो. 'राजाची माणसं येताहेत' एवढं पुरतं. ओठ दिसत असतील तर त्या क्षणी ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर कट करा.

लोकेशनबद्दल एक गोष्ट कुणी बोलत नाही. अशा चित्रपटांत राजा पडक्या किल्ल्यात राहतो. भिंतींच्या माथ्यावर गवत, छप्पर गायब, दगड उघडे, आणि मधोमध सिंहासन. आज उरलेले किल्ले पडके आहेत म्हणून आपल्याला तेच 'मध्ययुगीन' वाटतं, पण त्या काळी ते नवे होते. अनेकांना आतून-बाहेरून गिलावा आणि चुन्याचा हात असायचा. लंडन टॉवरचा मधला बुरूज तिसऱ्या हेन्रीने १२४० मध्ये पांढरा रंगवून घेतला, त्यावरूनच त्याला व्हाइट टॉवर म्हणतात. फ्रान्समध्ये गेदेलाँ इथे १९९७ पासून तेराव्या शतकातल्या पद्धतीने एक किल्ला नव्याने बांधताहेत. त्याची छायाचित्रं कलादिग्दर्शकाने पाहावीत. ताजा दगड, लाकडी परांच्या, चुन्याचे डाग, काम करणारी माणसं. हे ओसाड अवशेषांपेक्षा जिवंत दिसतं, आणि एका कोपऱ्यात उभं करायचं तर स्वस्तही पडतं. पडका किल्लाच वापरायचा असेल तर तो कथेतही पडकाच ठेवा. राजा हरलेला आहे, निर्वासित आहे, भिंतीआड दडलाय. खर्च शून्य, आणि राजाही जरा बरा होतो.

जंगलाचंही तसंच. फुकट मिळतं म्हणून अर्धा चित्रपट जंगलात घडतो, आणि ते जंगल बऱ्याचदा लावलेलं असतं: एकाच वयाची झाडं, सरळ रांगा. सामान्य प्रेक्षकाला कारण सांगता येणार नाही, पण काहीतरी विचित्र आहे हे त्याला जाणवतं.

कपड्यांवर सगळेच बोलतात, मी दोनच मुद्दे घेतो. पहिला, ते नवे असतात. गुडघे, कोपर, कॉलर, बटव्याची दोरी घासून मळवणं हे वेशभूषेचं निम्मं काम आहे आणि नेमकं तेच वेळेअभावी सुटतं. दुसरा, मळवायचं म्हणजे सगळं तपकिरी करायचं असा समज. मंजिष्ठेच्या कुळातल्या मुळांपासून लाल, वोडच्या पानांपासून निळा, वेल्ड नावाच्या रोपापासून पिवळा, हे रंग युरोपात सर्रास होते. तपकिरी कपड्यांतली तपकिरी माणसं तपकिरी जंगलात उभी केली की संकलकालाही कोण कुठे आहे ते कळत नाही. चिलखताचं तर विचारूच नका. कातड्यावर ठोकलेले खिळे हे चिलखत म्हणून जे सगळीकडे दिसतं, ते बहुधा ब्रिगँडाइन नावाच्या प्रकाराच्या चित्रांवरून झालेल्या गैरसमजातून आलंय. त्यात कापडाच्या आत पोलादी पट्ट्या असत, बाहेर दिसत ती फक्त रिव्हेटांची डोकी. पण हा जाणकारांचा आक्षेप झाला. चित्रपट यामुळे पडत नाही, त्यामुळे यावर पैसे घालवू नका.

तलवारीमुळे मात्र पडतो. दोन हातांनी धरायची लांब तलवारही साधारण एक ते दीड किलोची असते. पूर्ण पोलादी चिलखत वीस-पंचवीस किलोच्या आसपास, तेही अंगभर वाटलेलं. घालणारा माणूस पळू शकतो, पडला तर उठू शकतो. नटांना हे कुणी सांगत नाही, म्हणून ते तलवार घण उचलल्यासारखी उचलतात, प्रत्येक वार डोक्याच्या मागून सुरू होतो, आणि समोरचा तेवढा वेळ थांबून राहतो. तो थांबलेला माणूस मला टेबलावर लपवता येत नाही. कट जलद केले तर गोंधळ होतो, सावकाश ठेवले तर वाट पाहणं दिसतं. सुरक्षेसाठी तलवारी अॅल्युमिनियमच्या किंवा रबरी असतात, त्या तशाच असाव्यात, पण रबरी पातं थांबताना थरथरतं आणि ते दोन-तीन फ्रेम दिसतंच. ते कापायला मला दुसरा कोन लागतो. तो नसतो, कारण दिवस संपत आला म्हणून सगळी झुंज एका मास्टर शॉटमध्ये (सगळं एका चौकटीत) आणि दोन ओव्हर-द-शोल्डरमध्ये (एकाच्या खांद्यावरून दुसरा) उरकलेली असते.

झुंजीत खरं तर वार कमी लागतात. पाय हवेत, श्वास हवा, चिखलात घसरणं हवं, मूठ बदलणारा हात हवा, आणि बघणाऱ्याचा चेहरा हवा. बघणारा चेहरा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त वेळा विसरलेला शॉट आहे. चिलखतावर तलवारीच्या धारेने घाव घालून माणूस मरत नसे. कुणी पातं हातात धरून टोक फटीत घुसवायचं, कुणी हातोडा वापरायचं, कुणी सरळ पाडून छातीवर बसायचं. अशी कुस्ती दोन माणसांत, तीन चौरस मीटरमध्ये होते. ती भीतिदायक दिसते, आणि फाइट मास्टरला दिवसभरात बसवता येते.

आता आवाज, कारण 'खोटं वाटतंय' या शेऱ्याचा मोठा भाग माझ्या मते कानातून आलेला असतो. माणसं मोकळ्या माळावर उभी आहेत आणि आवाज बंद डबिंग बूथमधला, कोरडा, तोंडाजवळचा. चिलखत घातलेला माणूस चालतो आणि त्याच्या अंगातून काहीच वाजत नाही. गावाचा शॉट आहे, पण कुठे लाकूड फुटत नाही, घण पडत नाही, कोंबडी ओरडत नाही, फक्त वारा आणि त्यावर संगणकातला गायकवृंद. तलवार म्यानातून निघताना 'श्शिंग' असा धातूवर धातू घासल्याचा आवाज येतो. म्यान लाकडाचं आणि कातड्याचं. डोंगरावर गरुड दिसला की जी किंकाळी येते ती बऱ्याचदा उत्तर अमेरिकेतल्या लाल शेपटीच्या बाजाची असते, तयार ध्वनींच्या संग्रहातून उचललेली. ही एकेक चूक क्षुल्लक आहे, पण सगळ्या मिळून त्या जगाचं वजन काढून घेतात.

याचा इलाज महाग नाही. एक चांगला फोली कलाकार, म्हणजे चित्र पाहत पावलांचे, कपड्यांचे, वस्तूंचे आवाज काढणारा, खरं कातडं, खऱ्या साखळ्या, ओली माती भरलेला एक ट्रे. प्रत्येक मुख्य पात्राला स्वतःचा चालण्याचा आवाज द्या. संवाद बाहेर, मोकळ्यावर पुन्हा रेकॉर्ड करता आले तर करा, रात्री शांत जागा शोधून. आणि संगीत निम्मं काढा. सलग वाजणारं संगीत बहुतेक वेळा संकलकाने किंवा दिग्दर्शकाने घाबरून टाकलेलं असतं. ते काढल्यावर काही दृश्यं कोसळतील. कोसळू द्या, ती कापायचीच होती.

प्रकाशाबद्दल थोडक्यात. दगडी दालनात भरदिवसा दहा मशाली पेटलेल्या आणि तरीही सगळीकडे सारखाच उजेड, हे दृश्य मी कितीदा पाहिलंय. आताच्या कॅमेऱ्यांचे सेन्सर मेणबत्तीच्या उजेडातही चित्र देतात. अंधार ठेवला की भिंतीचं थर्माकोलही दिसत नाही. दिवसा घेतलेली रात्र हवी असेल तर आकाश चौकटीत येऊ देऊ नका. ग्रेडिंगमध्ये, म्हणजे शेवटच्या रंगकामात, सगळं निळं करून ते लपत नाही.

ड्रॅगन. व्हीएफएक्सचे, म्हणजे संगणकावर बनवलेले, शॉट किती झालेत ते मला ठाऊक नाही, पण निम्म्याहून जास्त काढावे लागतील असं धरून चाला. स्वस्त संगणकी प्राणी त्याच्या कातडीमुळे उघडा पडत नाही, त्याच्या पायाखालची जमीन दबत नाही म्हणून पडतो. धूळ उडत नाही, सावली नीट टेकत नाही, नट भलतीकडेच पाहतो. १९४२ मध्ये आरकेओ स्टुडिओसाठी निर्माता व्हॅल लुटन आणि दिग्दर्शक जाक टर्नर यांनी 'कॅट पीपल' केला, दुसऱ्या चित्रपटांचे उरलेले सेट वापरून. त्यातला पोहण्याच्या तलावाचा प्रसंग आजही शिकवण्यासारखा आहे. अंधार, पाण्याची भिंतींवर हलणारी तिरीप, सावल्या, एक गुरगुर आणि पाण्यात अडकलेली बाई. जनावर नीट दिसतच नाही. तुमच्या ड्रॅगनला असं एकच दालन द्या. त्याचा श्वास, उष्णतेने वाकणारी हवा, वरून पडणारी माती, आणि शेवटी एकदाच, दोन सेकंद, तोंड.

लांबीचा प्रश्न उरतो. ११८ मिनिटं म्हणजे चालणं. माणसं डावीकडून उजवीकडे जातात, मग टेकडी, मग उजवीकडून डावीकडे, आणि आपण कुठून कुठे चाललो याचा पत्ता नाही. सुरुवातीला नकाशावर निवेदन असेल, हजार वर्षांपूर्वीचं युद्ध, सात राज्यं, भाकीत, तर ते पूर्ण उडवून पाहा. मी तरी अजून असा रफ कट पाहिलेला नाही ज्याला त्याची गरज होती. पात्रांनी ताम्रपटासारखं बोलणंही इथेच छाटता येतं. ९० मिनिटांच्या आत आलात तर यातल्या अर्ध्या उणिवा आपोआप चित्रपटाबाहेर पडतील, कारण त्या बहुधा ज्या भागात लांबण आहे तिथेच असतात.

आता पॅचचे दोन दिवस. पहिला दिवस पूर्णपणे जवळच्या शॉटना द्या: हात, बूट, बक्कल, चिखलात रुतलेलं पातं, घाम, विस्तव, आणि प्रत्येक प्रमुख नटाचे पाच-सहा वेगवेगळे 'बघणारे' चेहरे, आकाशाच्या किंवा दगडी भिंतीच्या पार्श्वभूमीवर. नटांना बोलवण्याआधी जुन्या फूटेजमधले उजेडाची दिशा, लेन्स आणि केसांची लांबी दाखवणारे स्टिल छापून सेटवर लावा. वेशभूषा मध्ये कुणी धुतली नसेल याची खात्री करा. हमखास कुणीतरी धुतो. दुसऱ्या दिवशी एकच नवा प्रसंग घ्या: लढाईच्या आदल्या रात्री तटाआड बसलेली तीन माणसं. बाहेरून फौजेचा आवाज येतोय, एक जण शिरस्त्राणाची कडी नीट करतोय, एकाच्या पोटात खाल्लेलं ठरत नाहीये. चार मिनिटांचा हा प्रसंग नीट जमला तर दिवसाच्या लढाईतली सहा मिनिटं काढता येतील, आणि ड्रोनचे सगळे शॉट त्यातच जातील. दोन्ही दिवस ध्वनिमुद्रकाला सेटवर ठेवा आणि जेवणाच्या सुट्टीत चिलखत घातलेल्या माणसांना त्याच्यासमोरून नुसतं चालायला, पळायला, पडायला लावा. ड्रॅगनचे पुढचे शॉट पूर्ण करायला द्यायच्या आधी हा सगळा माल टाकून नवा कट बांधा. किती शॉट लागणार हे तेव्हाच कळेल, आणि वाचलेले पैसे ध्वनिमिश्रणाला द्या.